मीरा आणि घाडींचा पहारा

अबोलीच्या घरी चोरी झाली तेव्हा चोराने मिक्सर नेला, इस्त्री नेली, तिच्या नवऱ्याचं लग्नातलं घड्याळ नेलं, आणि जाताना फ्रिजमधली शेवयांची खीर खाऊन वाटी सिंकमध्ये ठेवून गेला. मरोळच्या नवप्रभात सोसायटीत या चोरीतली वेगवेगळी गोष्ट ज्याच्या त्याच्या मनाला लागली. कोणाला घड्याळ लागलं, कोणाला इस्त्री. दुसऱ्या मजल्यावरच्या प्रेमा घाडीला खीर लागली.

"म्हणजे मेल्यान सावकाश बसान खाल्ल्यान!" ती नवऱ्याला म्हणाली. "आणि आपण महिनाभर घराक कुलूप लावन गावाक जावचा? मी खय येवचंय नाय."

झालं. काशीराम घाडीने काढून ठेवलेली बॅग पुन्हा कपाटावर टाकली. कणकवलीकडच्या त्यांच्या घरी आता एकटी थोरली वहिनी उरली होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दर रविवारी ती तेच विचारायची, "यंदा तरी येतलास मा रे?" यंदा काशीरामने "येतलंय म्हणजे येतलंय" असं शब्द देऊन सांगितलं होतं. वहिनीने माळ्यावरची गादी उन्हात घातल्याचंही कळवलं होतं. आणि आता एका वाटी खिरीपायी सगळं बोंबललं होतं.

पण काशीराम खचणाऱ्यातला नव्हता. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पंख्यांच्या कारखान्यात त्याने उभी हयात क्वालिटी कंट्रोलमध्ये घालवली होती. पंखा पास की नापास, हे तो सांगायचा. त्यामुळे जगात जे जे विजेवर चालतं, त्याच्याशी आपलं नातं साध्या ओळखीचं नसून रक्ताचं आहे, असा त्याचा समज होता. तो समज निवृत्तीनंतर आणखी घट्ट झाला होता, कारण आता त्याला नापास करणारा कोणी उरला नव्हता.

"मी घराला असा अलार्म बसवतो," तो प्रेमाला म्हणाला, "की चोर दारातूनच माफी मागून परत जाईल. मग येशील?"

"आधी बसवा तर," प्रेमा म्हणाली. तिने नवऱ्याने बसवलेल्या बऱ्याच गोष्टी पाहिल्या होत्या.

चार दिवसांत खोकं घरी आलं. दाराला लावायचा सेन्सर, स्वयंपाकघराच्या खिडकीला लावायचा सेन्सर, घरात कोणी हललं की ओळखणारा डोळा, आणि एक लालभडक भोंगा. काशीरामने लहान मुलासारखं एकेक बाहेर काढून जेवणाच्या टेबलावर मांडलं. त्या दिवशी दोघे उभ्यानेच जेवले.

भोंगा दाराबाहेर लावायचा, तर सोसायटीची परवानगी हवी. सेक्रेटरी होत्या शर्मिष्ठा कारखानीस. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी भोंगा हातात न घेता, चष्म्याच्या वरून, मग चष्म्याच्या खालून पाहिला.

"घाडी, हा वाजतो?"

"चांगला वाजतो मॅडम! साकीनाक्यापर्यंत ऐकू जाईल."

तो हे कौतुकाने बोलला आणि तिथेच फसला. बिल्डिंगमध्ये दोन हार्टचे पेशंट आहेत, एक बाळंतीण आहे, आणि बाहेरच्या भिंतीला काहीही लावायला एनओसी मिळत नाही, असं मॅडमनी एका दमात सांगितलं. "तुळशीची कुंडीसुद्धा मी लावू दिलेली नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात विजयाचा सूर होता.

शेजारचा सेबॅस्टियन मरोळ गावठाणातला, मूळचा इथलाच. खांद्यावर त्याची जाडी मांजर ज्युली घेऊन तो सल्ला द्यायला आला. "काशी, मी सांगतो, तू पोलिसांना आधी कळवून ठेव. म्हणजे अलार्म वाजला की ते पळतच येतील." त्याची बायको एथेल म्हणाली, "काशीरामभाऊ, त्यापेक्षा दाराबाहेर मोठ्या मापाचे बूट ठेवा. आत पैलवान आहे असं चोराला वाटेल." काशीरामने बूट ठेवले. बूट चोरीला गेले. मग तो पोलीस चौकीत गेला.

"चोरी झालीय का काका?" हवालदाराने विचारलं.

"नाही."

"होणार आहे असा कोणावर संशय?"

"नाही. होऊ नये म्हणून आलो."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "होऊ नये याची तक्रार लिहून घेता येत नाही. झाली की या."

"बूट गेलेत," काशीराम म्हणाला. पण ते आपण स्वतःच चोरासाठी बाहेर ठेवले होते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं आणि तेही प्रकरण तिथेच मिटलं.

परत येताना मात्र रिक्षात त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. इतका, की त्याने रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. घरात मीरा होती की!

मीरा म्हणजे लेक अक्षताने बंगळूरहून प्रेमाला पाठवलेला बोलका डबा. उभ्या डालड्याच्या डब्याएवढा. "सुनो मीरा" म्हटलं की त्याच्या माथ्यावर निळी रेघ उजळायची आणि एक गोड आवाजाची मुलगी हिंदीत "जी, बोलिए" म्हणायची. प्रेमा तिच्याकडून सकाळी अभंग लावून घ्यायची, शेजाऱ्यांना तो रेडिओ वाटायचा, आणि कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळी गप्प बसवायची. आता काशीरामने ठरवलं, अलार्म या मीरालाच जोडायचा. भोंगा नको, एनओसी नको. चोर आत हलला की घरातले सगळे दिवे भकाभक लागतील, आणि टीव्हीच्या मोठ्या स्पीकरवरून खुद्द काशीरामचा दमदार आवाज गरजेल. भोंग्याला कोण भितो? माणसाला भितात.

जोडणी करताना फोनवर आलं, 'अकाउंट लिंक करा'. काशीरामला हसूच आलं. या देशात साठी गाठलेल्या माणसाला लिंक करायला शिकवता? बँकेला आधार, आधारला पॅन, पॅनला गॅस, गॅसला मोबाइल असं लिंक करत करत तर तो साठीला पोचला होता! तरीही दोन दिवस गेले. कारण मीरा प्रेमाच्या नावावर होती, अलार्म काशीरामच्या नावावर, आणि प्रत्येक वेळी येणारा ओटीपी जायचा प्रेमाच्या फोनवर, जो ती मंडईत घेऊन गेलेली असायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मीरा म्हणाली, "पहरा जुड़ गया है," आणि काशीरामने स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटणाऱ्या प्रेमाला लाटण्यासकट गोल फिरवलं.

"अहो, तवा!" ती ओरडली, पण हसत होती.

पहारा बंद करायला गुप्त आकडा होता. चार सात दोन नऊ. तो हिंदीत आणि मोठ्याने म्हणावा लागे. इथे काशीरामची जीभ दगा द्यायची. 'दो'च्या जागी 'दोन' निघे, आणि मीरा नम्रपणे म्हणे, "गलत कोड." म्हणून प्रेमा बाजारात गेली की तो दाराबाहेर उभा राहून सराव करायचा. "सुनो मीरा, पहरा बंद! चार! सात! दो! नौ!" दारातून ऐकू जावं म्हणून त्याने मीराचा आवाज आणि कान दोन्ही टोकाला नेऊन ठेवले होते. गुप्ततेसाठी त्याने या कामाबद्दल बिल्डिंगमध्ये कोणालाही, अगदी सेबॅस्टियनलाही, अवाक्षर सांगितलं नव्हतं. भोंगा नाकारल्यावर घाडींनी नाद सोडला, अशीच सर्वांची समजूत होती.

"काशी, मटक्याचा आकडा कुठे लावतोस?" सेबॅस्टियनने एकदा जिन्यात हळूच विचारलं. काशीराम गूढ हसला.

राहिला धमकीचा आवाज. मराठीत की हिंदीत, यावर तो एक अख्खी संध्याकाळ येरझाऱ्या घालत राहिला. चोर कुठलाही असू शकतो, म्हणून हिंदी ठरली. मग बाथरूममध्ये दार लावून, तिथे आवाज घुमतो म्हणून, त्याने फोनमध्ये रेकॉर्ड केलं: "कौन है? सुनो! मेरा हाथ में कोयता है! हिलना मत! आज तेरे को छोडेगा नहीं!" शुद्ध हिंदीत 'मेरे हाथ में' म्हणतात, हे त्याला शाळेत शिकवलं होतं. पण पंख्याच्या कारखान्यात ते कधी लागलं नाही.

शनिवारी प्रेमा घाटकोपरला बहिणीकडे गेली. रंगीत तालमीला याहून चांगला मुहूर्त कुठला? काशीरामने पहारा चालू केला. चोर पुढच्या गेटवर लक्ष ठेवून असतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तो मागच्या गेटने, कोणालाही न दिसता, सटकला आणि साकीनाक्याच्या एका हॉटेलात चहा-मस्का घेऊन बसला. घरात कोणीच नाही, म्हणजे काहीच होणार नाही, आणि काही झालं नाही की प्रेमाला सांगायचं, बघ, काही झालं नाही! त्याचा आनंद पावासारखा फुगला होता.

तेवढ्यात फोन थरथरला. 'घरात हालचाल!'

"आयला! चालतंय!" काशीराम उभा राहून ओरडला. शेजारच्या टेबलावरच्यांनी पाहिलं. "चालतंय हो! एकदम झकास चालतंय!" तो त्यांनाही म्हणाला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की चालतंय याचा अर्थ घरात कोणीतरी चालतंय.

त्याने फोनवरून बंद करायला बघितलं, तर फोन म्हणाला, सुरक्षेसाठी ओटीपी पाठवला आहे. ओटीपी घाटकोपरला गेला होता, आणि प्रेमा फोन उचलत नव्हती. काशीराम रिक्षाकडे धावला. साकीनाक्याच्या सिग्नलला रिक्षा अडकली. तो उतरला, पळाला, धाप लागली, पुन्हा दुसऱ्या रिक्षात बसला. पण खरं सांगायचं तर घाबरण्याबरोबरच त्याला एक विलक्षण हुरूपही आला होता. आपला चोर! आपल्या यंत्रात सापडलेला!

बिल्डिंगच्या जिन्यातच गर्दी लागली. दुसऱ्या मजल्याचा पॅसेज माणसांनी भरला होता आणि सगळे त्याच्या दाराकडे तोंड करून उभे होते. कोणी मागे वळूनही पाहिलं नाही. आणि आतून त्याचाच आवाज येत होता.

"कौन है? सुनो! मेरा हाथ में कोयता है! हिलना मत! आज तेरे को छोडेगा नहीं!"

आणि लगेच त्यावर, स्वच्छ, गोड, तरुण बाईचा आवाज: "जी, बोलिए. मैं सुन रही हूँ."

काशीराम जिन्यावरच थांबला. 'सुनो मेरा'. मीराला ते 'सुनो मीरा' ऐकू येत होतं. धमकी संपली की पुन्हा पहिल्यापासून लागत होती, आणि दर वेळी ती बिचारी उठून ओ देत होती.

"काय झालं?" त्याने पुढे उभ्या असलेल्या चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना कसंबसं विचारलं.

"श्शू! घाडी," ते न वळता कुजबुजले. "बायको बहिणीकडे गेली, आणि याने घरात बाई आणलीय. आता मारतोय तिला बहुतेक."

"कोण घाडी?" काशीरामच्या तोंडून निघून गेलं.

"तो हो, पंखेवाला."

इतकी वर्षं क्वालिटी कंट्रोल, आणि शेवटी पंखेवाला! पण दुखावून घ्यायलाही सवड नव्हती. आतून पुन्हा कोयत्याची धमकी आली आणि या वेळी मीराने 'कोयता'चं 'कविता' ऐकलं. "ज़रूर," ती म्हणाली, "आपके लिए एक कविता. तुम जो आए तो मेरे घर का दिया मुस्काया..."

पॅसेजमध्ये एकच कळवळ्याचा सूर उमटला.

"बघा! तो कोयता दाखवतोय आणि ती कविता म्हणतेय," अबोली डोळे पुसत म्हणाली. "किती जीव असेल तिचा त्याच्यावर!"

"मीरा नाव आहे तिचं," एथेलने माहिती पुरवली. "प्रेमा बाजारात गेली रे गेली की हा दारात उभा राहून मीरा, मीरा करतो. मी रोज ऐकते. प्रेमाला सांगायचं कसं, म्हणून गप्प होते."

"माझा विश्वास बसत नाही," शर्मिष्ठा मॅडम ठामपणे म्हणाल्या. "घाडी तसे नाहीत. ते एनओसीशिवाय काही करत नाहीत."

तेवढ्या गदारोळातही काशीरामला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सेबॅस्टियन दाराशी उभा होता, खांदा लावून दार तोडायच्या पवित्र्यात. "काशी!" तो ओरडला. "कोयता खाली ठेव! तुला माझी शप्पथ! प्रेमाचा विचार कर रे!"

"हिलना मत!" आतून उत्तर आलं. सेबॅस्टियन होता तसा थांबला.

"सेबॅस्टियन," काशीराम मागून म्हणाला, "मी इथे आहे."

सगळे वळले. आतून कवितेची पुढची ओळ स्पष्ट ऐकू आली. सेबॅस्टियनने काशीरामकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा काशीरामकडे. एथेलने छातीवर क्रुसाची खूण केली.

"मग आत कोण आहे?" सेबॅस्टियनने विचारलं.

"तोच तर प्रश्न आहे," काशीराम म्हणाला आणि किल्ली काढली. घाईत त्याने ती उलटी धरली होती, अबोलीने सरळ करून दिली.

दार उघडलं. सगळे दिवे ढणाढणा पेटलेले. टीव्हीतून काशीराम गरजतोय. टेबलावर मीराचा डबा निळा होऊन कविता म्हणतोय. आणि सोफ्यावर, प्रेमाने झाकून ठेवलेल्या सुक्या बोंबलांचा डबा पाडून, त्यातला एक पुढच्या पायांत धरून, सेबॅस्टियनची ज्युली शांतपणे जेवतेय. काशीरामने स्वयंपाकघराच्या खिडकीला रक्षणासाठी सेन्सर लावला होता, तो जरा जाड असल्यामुळे खिडकी पूर्ण मिटतच नव्हती. त्या फटीतून बाई आत आल्या होत्या.

"सुनो मीरा! पहरा बंद!" काशीराम ओरडला. पण त्याच्या आवाजावर टीव्हीतला त्याचाच आवाज चढला. त्याने आणखी जोर लावला. "चार! सात! दोन! नऊ!"

"गलत कोड," मीरा म्हणाली.

"दो म्हणा, दो!" एथेल दारातून ओरडली. "आणि नऊ नाही, नौ! रोज बरोबर म्हणता, आज काय झालं?"

म्हणजे गुप्त आकडा शेजाऱ्यांना पाठ होता. पण आता लाज बाळगून चालणार नव्हतं. काशीरामने हात वर केले, सेबॅस्टियनने ताल धरला, आणि साऱ्या पॅसेजने, हार्टच्या पेशंटांसकट, एका सुरात आरोळी ठोकली, "चार! सात! दो! नौ!"

"पहरा बंद है," मीरा म्हणाली. "शुभ दिन."

ज्युलीने दुसरा बोंबील घेतला. सेबॅस्टियनने तिला उचललं आणि छताकडे पाहत म्हणाला, "तशी ही कोणाच्या घरी जात नाही."

आणि त्याच वेळी प्रेमा जिना चढून वर आली. हातात बहिणीने दिलेली पिशवी, समोर सगळी बिल्डिंग, मध्ये घामाने निथळणारा नवरा. काशीरामने डोळे मिटले. संपलं. आता कसलं गाव आणि कसली वहिनी! माळ्यावरची गादी पुन्हा माळ्यावर जाणार.

एथेलने तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत, मीरासकट. प्रेमा ऐकत राहिली. मग ती जिन्याच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलू लागले. काशीरामला वाटलं, रडतेय. तो धावत गेला. ती हसत होती. बोलता येईना इतकी हसत होती.

"अगो, माफ कर," तो पुटपुटला. "मी सगळा काढून टाकतंय. उद्याच."

"खबरदार काढलात तर!" प्रेमा डोळे पुसत म्हणाली. "अहो, अबोलीच्या घरी चोरी झाली तेव्हा एवढी भांडी वाजली, कोणी दार उघडलं? सगळ्यांनी आतून कड्या लावल्या. आज घाडींच्या घरात बाई आहे म्हटल्यावर दोन मिनिटांत चारही मजले दारात हजर! याहून चांगला पहारा कुठे मिळणार?"

चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ चपला शोधू लागले. काशीराम मात्र बायकोकडे पाहतच राहिला. ती पास करत होती! उभ्या संसारात प्रथमच त्याचं यंत्र पास झालं होतं. त्याने पळत जाऊन खिडकीचा सेन्सर काढला, खिडकी घट्ट मिटली, सेन्सर पलीकडच्या चौकटीवर लावला आणि सेबॅस्टियनच्या देखत ती उघडून, मिटून दाखवली. मग वहिनीला फोन केला आणि कारण न सांगता नुसताच मोठमोठ्याने "येतंव! आम्ही येतंव!" असं ओरडत राहिला.

संध्याकाळी बॅगा भरणं चालू असताना बेल वाजली. दारात शर्मिष्ठा मॅडम. त्यांनी पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना पाहिलं आणि आत येऊन दार स्वतःच लोटलं.

"घाडी, एक विचारायचं होतं. मी एकटी असते. मलाही असं काही बसवून द्याल का?"

"का नाही मॅडम! आत्ता बसवतो!" काशीराम अर्धी भरलेली बॅग सोडून उठला आणि स्क्रूड्रायव्हर शोधू लागला.

मॅडम जरा घुटमळल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"त्याच्यात," त्या म्हणाल्या, "पुरुषाचा आवाज मिळतो का?"